मोटारीचा ब्रेक व त्याचे नवे साहाय्यक

एखाद्या नव्या वाहनाची गोष्ट निघाली म्हणजे तें किती वेगानें धांवतें, हाच प्रश्न प्रथम विचारला जातो. तें किती अंतरांत थांबतें, हें विचारणारा क्वचितच आढळतो. वास्तविक पाहतां दुसरा प्रश्न पहिल्याहून अधिक महत्त्वाचा आहे; कारण जें वाहन हवें तेथें थांबवितां येत नाहीं, त्याचा वेग हा गुण नसून दोषच होय. भारत सरकारच्या रस्ते वाहतूक खात्याच्या अहवालाप्रमाणें २०२२ या एकाच वर्षीं आपल्या देशांत ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ माणसें मृत्युमुखीं पडलीं. हे सर्व अपघात ब्रेकच्या दोषानें घडले असें मुळींच नव्हे. तथापि गाडी कशी थांबते आणि केव्हां थांबूं शकत नाहीं, याचें ज्ञान प्रत्येक नागरिकास असणें किती अगत्याचें आहे, हें या आंकड्यांवरून सहज ध्यानांत येईल.

अलीकडे मोटारींच्या जाहिरातींत एबीएस, ईएससी, एईबी अशीं आद्याक्षरें जागोजाग दिसतात. हीं अक्षरें वाचून कित्येकांची अशी समजूत होते कीं, आतां यंत्रच सर्व कांहीं सांभाळून घेईल. ही समजूत कितपत बरोबर आहे, हें ठरविण्यासाठीं प्रथम साध्या ब्रेकची रचना पाहूं, नंतर त्याच्या नव्या साहाय्यकांकडे वळूं, आणि शेवटीं त्या सर्वांच्या सामर्थ्यास जी एक सीमा आहे तिचा हिशेब करूं.

१. थांबणें म्हणजे काय?

धांवत्या गाडीच्या ठिकाणीं गतिज शक्ति सांठलेली असते. ही शक्ति वस्तूच्या वजनाच्या प्रमाणांत आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते, हें पदार्थविज्ञानाच्या तासाला आपण शिकलेलेच आहां. १,००० किलोग्रॅम वजनाची मोटार ताशीं ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदास २० मीटर, वेगानें जात असेल, तर तिची गतिज शक्ति २,००,००० ज्यूल भरते. शक्तीचा नाश होत नाहीं, तिचें केवळ रूपांतर होतें. म्हणून गाडी थांबवावयाची तर या दोन लक्ष ज्यूलांची कोठें तरी व्यवस्था लावलीच पाहिजे. ब्रेक ही व्यवस्था घर्षणानें लावितो. तो गतीचें रूपांतर उष्णतेंत करितो आणि ती उष्णता हवेंत सोडून देतो. ही उष्णता थोडीथोडकी नसते. एक लिटर पाण्याचें तपमान सुमारें ४८ अंशांनीं वाढविण्यास ती पुरेशी आहे. लांब उतारावरून सायकलीनें ब्रेक दाबीत आल्यावर थांबून ब्रेकच्या रबराला बोट लावावें, म्हणजे या नियमाची ऊब हाताला कळते.

विजेवर चालणाऱ्या मोटारींत या शक्तीचा कांहीं भाग परत मिळवितां येतो. वेग कमी करतांना तिची मोटर डायनॅमोप्रमाणें वागते व वीज उत्पन्न करून बॅटरींत भरते. परंतु एकाएकीं थांबावयाचें असेल तेव्हां त्या गाडीसही घर्षणाच्या ब्रेकचाच आश्रय करावा लागतो.

२. पायापासून चाकापर्यंत

टनभर वजनाची गाडी माणसाच्या एका पायानें कशी थांबते, हें पहिलें कोडें. त्याचें उत्तर फ्रान्समधील गणिती ब्लेझ पास्काल (१६२३–१६६२) यानें देऊन ठेविलें आहे. बंद भांड्यांतील द्रवावर एके ठिकाणीं दाब दिला असतां तो सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हा त्याचा सिद्धांत. मोटारींत पेडलच्या पुढें एक लहान नळकांडें असतें. त्यास मास्टर सिलिंडर म्हणतात. त्यांतून बारीक नळ्या प्रत्येक चाकाकडे गेलेल्या असतात व त्या सर्वांत ब्रेकचें तेल भरलेलें असतें.

आतां आंकडे घेऊन पाहूं. पायाचा जोर २०० न्यूटन आहे असें समजा. पेडल ही एक तरफ आहे. तिनें हा जोर चौपट झाला, म्हणजे ८०० न्यूटन. मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याचें क्षेत्रफळ ४ चौरस सेंटिमीटर असल्यास तेलांत दर चौरस सेंटिमीटरास २०० न्यूटन दाब उत्पन्न होतो. चाकाजवळील दट्ट्याचें क्षेत्रफळ २० चौरस सेंटिमीटर असेल, तर त्यावर ४,००० न्यूटन जोर पडतो. म्हणजे पायाचा जोर चाकाजवळ वीसपट झाला! अर्थात् हें फुकट मिळालें असें नव्हे. पेडल जितकें खालीं जातें त्याच्या मानानें चाकाजवळचा दट्ट्या अगदींच थोडा सरकतो. जोरांत मिळविलें तें अंतरांत द्यावें लागतें.

तेल दाबानें आकसत नाहीं, हवा मात्र आकसते. म्हणून नळींत हवेचे बुडबुडे शिरले तर पायाचा जोर तेलास पोंचण्याऐवजीं ते बुडबुडे दाबण्यांतच खर्च होतो, आणि पेडल स्पंजासारखें मऊ लागतें. असें पेडल लागणें ही गाडीनें दिलेली धोक्याची सूचना होय; ती कळतांच गाडी कारागिराकडे नेली पाहिजे. शिवाय एखादी नळी फुटली तरी सारीच गाडी ब्रेकविना राहूं नये, म्हणून आतां तेलाचे दोन स्वतंत्र मार्ग ठेवितात. पुष्कळ गाड्यांत पुढच्या डाव्या चाकाची जोडी मागच्या उजव्याशीं, आणि पुढच्या उजव्याची मागच्या डाव्याशीं घातलेली असते.

पायास आणखी एक मदतनीस असतो. पेडलच्या पुढें मोठ्या डब्यासारखें एक साधन असतें. त्यांतील पडद्याच्या एका बाजूस इंजिनानें किंवा पंपानें निर्वात केलेली पोकळी असते व दुसऱ्या बाजूनें वातावरणाचा दाब पायास साहाय्य करितो. इंजिन बंद पडलें तर हें साहाय्य एकदोन वेळां पेडल दाबेपर्यंतच टिकतें. पुढें ब्रेक लागतो, परंतु फारच जोर करावा लागतो. उतारावर पेट्रोल वांचविण्यासाठीं इंजिन बंद करणारे लोक कोणतें संकट ओढवून घेतात, हें यावरून समजेल.

चाकाजवळच्या ब्रेकचे दोन प्रकार आहेत. पहिला ड्रम ब्रेक: यांत चाकाबरोबर एक पोकळ ढोल फिरतो व त्याच्या आंतील अर्धवर्तुळाकार शू बाहेर फांकून त्यास घासतात. दुसरा डिस्क ब्रेक: यांत चाकाबरोबर लोखंडाची तबकडी फिरते व कॅलिपर नांवाचा चिमटा तिला दोन्ही बाजूंनीं पकडतो. तबकडी उघड्यावर असल्यामुळें ती लवकर निवते. तबकडीच्या ब्रेकचें पेटंट इंग्लंडांत फ्रेडरिक लँचेस्टर यानें १९०२ सालींच घेतलें होतें. परंतु १९५३ सालीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत असे ब्रेक लाविलेली जॅग्वार गाडी पहिली आली, तेव्हां त्यांचें महत्त्व जगास पटलें. ब्रेक लागतांच गाडीचा भार पुढें झुकतो, हें बसमध्यें उभें राहणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. त्यामुळें अधिक काम पुढच्या चाकांना करावें लागतें, आणि म्हणूनच पुष्कळ लहान मोटारींत पुढें डिस्क व मागें ड्रम अशी योजना आढळते.

३. घाटांतली उष्णता

खंडाळ्याहून बोरघाटानें खोपोलीस उतरतांना गाडी सुमारें ५०० मीटर खालीं येते. आपल्या १,००० किलोग्रॅमच्या मोटारीची या उतरणींत ४९ लक्ष ज्यूल शक्ति मोकळी होते. एवढ्या उष्णतेनें सुमारें पंधरा लिटर पाणी उकळीस येईल! तिचा कांहीं भाग हवेच्या व रस्त्याच्या विरोधांत जिरतो; बाकीचा भार, चालक सारखा ब्रेकवरच पाय ठेवून उतरला तर, ब्रेकांवर पडतो. अतिशय तापलेल्या ब्रेकचें घर्षण कमी होतें. त्याहून वाईट म्हणजे तेल उकळूं लागतें व त्याच्या वाफेचे बुडबुडे नळींत होतात. मग वर सांगितल्याप्रमाणें पेडल मऊ होऊन तळाशीं जातें व गाडी थांबत नाहीं.

ब्रेकच्या नेहमींच्या तेलास हवेंतील ओलावा शोषून घेण्याची खोड असते. डॉट ३ या प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदु निदान २०५ अंश सेल्सिअस असावा असा दंडक आहे; ओलावा शोषलेल्या तेलासाठीं हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खालीं येते. म्हणून डब्यांतील तेल पुरेसें दिसत असलें तरी निर्मात्यानें सांगितलेल्या मुदतीस तें बदलणें जरूर असतें. आणि घाट उतरतांना जुन्या जाणत्या चालकांचा नियमच खरा मानावा: ज्या गिअरमध्यें घाट चढावयाचा, त्याच गिअरमध्यें तो उतरावा. मग इंजिनच गाडीस मागें ओढून धरितें व ब्रेक गरजेच्या क्षणासाठीं थंड राहतात.

४. चाक थांबतें, पण गाडी?

आतां या विषयाच्या मर्माकडे येऊं. ब्रेक गाडीस थांबवितो असें आपण म्हणतों. परंतु हें बोलणें अर्धेंच खरें आहे. ब्रेक फक्त चाकास थांबवितो. गाडीस थांबवितो तो रस्ता! चार चाकांपैकीं प्रत्येकाचा जमिनीस टेकलेला भाग तळहाताएवढाच असतो. या चार तळहातांएवढ्या रबरास रस्ता जितकें धरून ठेवील, तितक्याच जोरानें गाडी थांबेल. रस्ता ओला असो, वाळूचा असो, कीं टायर झिजून गुळगुळीत झालेला असो, पकड कमी झाली कीं उत्तम ब्रेकचाही उपाय चालत नाहीं.

ब्रेक एकाएकीं फार जोरानें दाबला तर चाक जखडतें व रस्त्यावरून नुसतें घसरूं लागतें. डांबरी रस्त्यावर घसरत्या रबराची पकड फिरत्या रबराहून सामान्यतः कमी असते. याहून मोठा अनर्थ असा कीं, पुढचीं चाकें जखडलीं म्हणजे स्टिअरिंग कितीही फिरविलें तरी गाडी वळत नाहीं. आणि मागचीं जखडलीं म्हणजे गाडी गर्रकन् फिरण्याचा संभव असतो.

हें संकट टाळणारी युक्ति म्हणजे अँटिलॉक ब्रेकिंग सिस्टिम, अर्थात् एबीएस. प्रत्येक चाकाजवळ त्याचा वेग मोजणारें एक लहान साधन असतें. एखादें चाक इतरांच्या मानानें फारच झपाट्यानें मंद होऊं लागलें, कीं तें आतां जखडणार हें नियंत्रक संगणक ओळखतो व त्या चाकाच्या तेलाचा दाब क्षणभर कमी करितो. चाक पुन्हां फिरूं लागतांच दाब परत वाढवितो. ही उघडझांप एका सेकंदांत अनेक वेळां चालते, म्हणून त्या वेळीं पेडल पायाखालीं थरथरतें. ही थरथर म्हणजे बिघाड नव्हे. घाबरून पाय उचलूं नये, पेडल घट्ट दाबून ठेवावें आणि गाडी मोकळ्या बाजूस वळवावी. कारण वळतां येणें हाच एबीएसचा मुख्य लाभ आहे.

या कल्पनेचा उपयोग प्रथम विमानांच्या चाकांसाठीं झाला. १९६६ सालीं इंग्लंडांतील जेन्सन एफएफ या मोटारींत तशी यांत्रिक योजना आली, आणि १९७८ सालीं बॉश कंपनीची विद्युत् एबीएस मर्सिडीझ-बेन्झच्या एस-क्लास गाडींत बसविण्यांत आली. आपल्या देशांत एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींस एबीएस सक्तीची झाली. मात्र हें लक्षांत ठेवावें कीं, सुट्या खडीच्या किंवा वाळूच्या रस्त्यावर एबीएसमुळें थांबण्याचें अंतर उलट वाढूंही शकतें. कारण तेथें जखडलेलें चाक आपल्यापुढें खडीचा बांध रचून अडतें, फिरतें चाक तसें करीत नाहीं.

५. इतर साहाय्यक

एकदां प्रत्येक चाकाचा ब्रेक संगणकाच्या हातीं आल्यावर त्यापासून दुसरीं कामेंही करवून घेतां येऊं लागलीं. ईएससी, म्हणजे गाडीचा तोल राखणारी योजना, १९९५ सालीं बॉश व मर्सिडीझ-बेन्झ यांनीं प्रचारांत आणिली. चालकानें स्टिअरिंग किती फिरविलें आणि गाडी प्रत्यक्षांत किती वळली, यांची तुलना ती सतत करीत असते. दोहोंत फरक पडला, म्हणजे गाडी घसरूं लागली असें समजून ती योग्य त्या एकाच चाकास ब्रेक लाविते व गाडीचें तोंड सरळ करिते. १९९७ सालीं स्वीडनमधील एका मोटारविषयक नियतकालिकाच्या चांचणींत, अडथळा चुकविण्यासाठीं झटकन् वळवितांना मर्सिडीझची नवी लहान ए-क्लास गाडी उलटली. तेव्हां कंपनीनें विक्री थांबवून गाडींत सुधारणा केल्या व त्या लहान गाडीसही ही योजना सरसकट बसविली. श्रीमंतांच्या गाड्यांतील साधन सामान्यांच्या गाड्यांत येण्यास एक अपघाती चांचणी अशी कारण झाली.

ब्रेक असिस्ट हा दुसरा साहाय्यक. संकटसमयीं पुष्कळ चालक पेडल चटकन् दाबितात, पण पुरेशा जोरानें दाबीत नाहींत. पेडल दाबण्याच्या झपाट्यावरून हा साहाय्यक चालकाचा हेतु ओळखतो व उरलेला जोर आपण भरून काढितो.

तिसरा एईबी, अर्थात् आपोआप लागणारा आणीबाणीचा ब्रेक. यास डोळे असतात: कांच्यामागें बसविलेला कॅमेरा, पुढच्या बाजूचें रडार, किंवा दोन्ही. अशीं बहुतेक रडारें ७७ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या, म्हणजे सुमारें ४ मिलिमीटर लांबीच्या, लहरी सोडितात. लहर परत येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर कळतें व तिच्या कंपनसंख्येंतील फरकावरून पुढच्या वस्तूचा वेग कळतो. आहे हाच वेग राहिल्यास किती सेकंदांनीं टक्कर होईल, याचें गणित यंत्र सारखें करीत असतें. वेळ फार थोडा उरला तर तें प्रथम आवाजानें सावध करितें, आणि चालकानें कांहींच केलें नाहीं तर स्वतः ब्रेक लावितें. २००८ सालीं व्होल्वो कंपनीनें शहरांतील मंद वाहतुकीसाठीं अशी योजना एक्ससी ६० या गाडींत दिली. जुलै २०२४ पासून युरोपियन युनियनमध्यें ती सर्व नव्या मोटारींस सक्तीची झाली. पुढील गाडीपासून ठराविक अंतर राखून चालणारा क्रूझ कंट्रोलही याच डोळ्यांचा उपयोग करितो.

या डोळ्यांस मर्यादा आहेत. कॅमेऱ्यावर चिखल उडाला, समोर मावळता सूर्य असला, दाट धुकें किंवा मुसळधार पाऊस असला, तर त्यांस नीट दिसत नाहीं. उभ्या गाडीआडून एकाएकीं धांवत येणारें मूल तर त्यांस दिसतें तेंच शेवटच्या क्षणीं.

६. अंतराचा हिशेब

आतां शेवटचें गणित. संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत चालकास एक सेकंद लागतो असें धरूं. कोरड्या डांबरी रस्त्यावर, चांगले टायर असतां, गाडीचा वेग दर सेकंदास सेकंदीं ७ मीटर या मानानें कमी होतो असेंही धरूं. मग पुढील कोष्टक तयार होतें:

ताशीं ३६ कि.मी.: पाय पडेपर्यंत १० मीटर, ब्रेकनंतर ७ मीटर, एकूण १७ मीटर.
ताशीं ७२ कि.मी.: पाय पडेपर्यंत २० मीटर, ब्रेकनंतर २९ मीटर, एकूण ४९ मीटर.
ताशीं १०८ कि.मी.: पाय पडेपर्यंत ३० मीटर, ब्रेकनंतर ६४ मीटर, एकूण ९४ मीटर.

वेग दुप्पट झाला तर ब्रेकनंतरचें अंतर चौपट, आणि तिप्पट झाला तर नऊपट! ओल्या रस्त्यावर पकड कमी होऊन हें प्रमाण ७ ऐवजीं ४ वर आलें, तर ताशीं ७२ च्या गाडीस थांबण्यास एकूण ७० मीटर लागतील.

आतां अशी कल्पना करा कीं, शाळेसमोरच्या कोरड्या रस्त्यांत गाडीपुढें १७ मीटरांवर एक मूल आलें. ताशीं ३६ च्या वेगानें येणारी गाडी त्या मुलापाशीं येऊन थांबेल. ताशीं ५४ च्या गाडीचे पहिले १५ मीटर पाय ब्रेकवर येण्यांतच जातील. उरलेल्या दोन मीटरांत वेग किंचित् कमी होऊन ती ताशीं सुमारें ५० च्या वेगानें त्या मुलावर आदळेल. आणि ताशीं ७२ ची गाडी ब्रेक लागण्यापूर्वींच तेथें पोंचलेली असेल. चालक तोच, ब्रेक तोच, रस्ताही तोच. फरक फक्त वेगाचा. एईबी तो पहिला एक सेकंद बराच वांचवूं शकते, ब्रेक असिस्ट अपुरा जोर पुरा करिते, एबीएस चाकास जखडूं देत नाहीं. परंतु रस्त्याची पकड यांपैकीं कोणीही वाढवूं शकत नाहीं, आणि वेगाच्या वर्गाचा नियम यांपैकीं कोणासही मोडतां येत नाहीं. हे सारे साहाय्यक आहेत, स्वामी नव्हेत.

असो. लेखाचा विस्तार बराच झाला. आपणांपैकीं बहुतेकांच्या हातीं अद्याप मोटार नाहीं. परंतु रस्त्यानें चालणें व गाडींत बसणें हें आपणां सर्वांसच आहे. म्हणून दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. उभ्या बसच्या वा गाडीच्या आडून एकदम रस्ता ओलांडूं नये. चालकानें आपणांस पाहिलें तरी त्यास थांबण्याइतकें अंतर हवें असतें. आणि घरच्या मोटारींत बसलां असतां ब्रेकचें तेल केव्हां बदललें, टायरांची नक्षी झिजली कीं काय, हें वडील मंडळींस आदरपूर्वक विचारावें. पुढें गाडी स्वतःच्या हातीं येईल तेव्हां ती किती वेगानें जाते हें मित्रांस सांगण्यापूर्वीं, ती किती मीटरांत थांबते हें प्रथम स्वतःस विचारावें. ज्यास हें उत्तर ठाऊक आहे, त्याच्याच हातीं वेग शोभतो.